जुन्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स: गाडी नेमकी कुठे अडते?

तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०१२-१३च्या सुमारास मुलाच्या कॉलेज प्रवेशाबरोबर घेतलेला असा लॅपटॉप आज कितीतरी घरांत कपाटावर पडून आहे. तो बिघडलेला नाही. बटण दाबलं की सुरू होतो. पण डेस्कटॉप दिसायला तीन-चार मिनिटं, ब्राउझर उघडायला आणखी एक-दोन, आणि मग पंख्याची घरघर. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धानंतरचा लागतो. कपाटावरचा लॅपटॉप या दोन्ही अटींत बसत नाही. या एका निर्णयामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनॅलिस या संशोधन संस्थेने २०२३च्या अखेरीस वर्तवला होता.

‘लिनक्स टाक, पळायला लागेल’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. सल्ला खरा आहे. पण पुढची चर्चा ‘सगळ्यांत हलकं लिनक्स कुठलं’ या एकाच प्रश्नात अडकून पडते आणि लोकांचे शनिवार-रविवार त्यातच जातात. लिनक्सच्या गाभ्याभोवती प्रोग्रॅम बांधून दिलेल्या संचाला डिस्ट्रो म्हणतात. आज दोन चांगल्या हलक्या डिस्ट्रोंमधला फरक दोन-तीनशे एमबी रॅमचा असतो, आणि ब्राउझरमधलं एखादं जड पान तेवढी रॅम एकटं खातं. म्हणून माझं मत असं, की जुन्या मशीनचं भवितव्य तीन गोष्टी ठरवतात: प्रोसेसर ६४-बिटी आहे का, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली का, आणि ब्राउझर कसा वापरला जातो. डिस्ट्रोचं नाव त्यानंतर येतं.

पन्नास एमबीच्या काळापासून

कमी ताकदीच्या मशीनवर लिनक्स चालवायची धडपड जुनी आहे. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी पपी लिनक्स सुरू केलं. ही सगळी सिस्टिम रॅममध्येच चढते, त्यामुळे डिस्क संथ असली तरी काम अडत नाही. त्याच सुमारास जॉन अँड्र्यूज यांनी डॅम स्मॉल लिनक्स आणलं. त्याची अट एकच होती, सगळा पसारा ५० एमबीत बसला पाहिजे. त्यात ब्राउझर होता, ईमेल होतं, गाणी वाजवायची सोय होती. टायनी कोअर तर त्याहूनही लहान, पंचवीसेक एमबीच्या आत चित्रमय डेस्कटॉप देणारं, आणि ते आजही निघतं.

२००७च्या अखेरीस असुसने ई-पीसी ७०१ बाजारात आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबीची फ्लॅश साठवण आणि आत लिनक्स. नेटबुकची लाट इथून सुरू झाली. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट नावाच्या लहानशा वस्तीतल्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप पोचले. भारतातला या योजनेचा तो पहिला प्रयोग. ४३३ मेगाहर्ट्‌झचा एएमडी प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी फ्लॅश, फेडोरा लिनक्स आणि त्यावर मुलांसाठी बनवलेला शुगर नावाचा डेस्कटॉप. आजच्या साध्या स्मार्टफोनला हसू येईल एवढ्या सामग्रीवर पहिली-दुसरीतली मुलं चित्रं काढत होती, लिहीत होती, फोटो घेत होती.

मग आज २ जीबी रॅमचा लॅपटॉप अपुरा का पडतो? उत्तर डॅम स्मॉल लिनक्सच्याच पुढच्या कथेत आहे. बरीच वर्षं बंद राहिलेला हा प्रकल्प अँड्र्यूज यांनी २०२४ साली पुन्हा हाती घेतला. या वेळी त्यांनी मर्यादा ठेवली ७०० एमबीची, म्हणजे एका सीडीत मावेल एवढी. पन्नासाचे सातशे झाले. लिनक्सचा गाभा त्या मानाने फुगलेला नाही. आजच्या वेबसाइट उघडू शकणारा ब्राउझर पन्नास एमबीत बसवताच येत नाही. बँकेची साइट, शाळेचा प्रवेशअर्ज, रेल्वेचं तिकीट, सातबारा, हे सगळं ब्राउझरमध्ये गेलं आणि त्याबरोबर संगणकाचं ओझंही तिथे गेलं.

कुठली डिस्ट्रो, कोणासाठी

तरीही निवड करावीच लागते, तेव्हा तीही पाहून घेऊ. रॅम ८ जीबी असेल तर हलक्या-जडचा प्रश्नच सोडून द्या आणि लिनक्स मिंटची नेहमीची सिनॅमन आवृत्ती टाका. ४ जीबीवर माझी पहिली पसंती मिंटचीच, पण एक्सएफसीई डेस्कटॉपची. एक्सएफसीई १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चालू आहे. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, जिथल्या तिथे सगळं. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला समजावून सांगायला दहा मिनिटं पुरतात. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे. अपडेटनंतर काही बिघडलं तर सिस्टिम आदल्या स्थितीला नेता येते. घरातल्या ज्येष्ठांना लॅपटॉप लावून देताना मी याच गोष्टीला सर्वांत जास्त किंमत देतो.

एमएक्स लिनक्सही ४ जीबीवर उत्तम. मेपिस आणि अँटीएक्स या दोन जुन्या प्रकल्पांच्या मंडळींनी ते मिळून उभं केलं आहे आणि त्यांची स्वतःची छोटी-छोटी हत्यारं फार उपयोगी आहेत. चालू सिस्टिमची जशीच्या तशी प्रत पेन ड्राइव्हवर घेणं हे त्यांतलं एक. एकाच प्रकारचे दहा लॅपटॉप लावायचे असतील तर या एका सोयीसाठी एमएक्स निवडावं. लुबुंटू एलएक्सक्यूटी डेस्कटॉपवर चालतं आणि खरोखर हलकं आहे, पण त्यात फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या रूपात येतं. हार्ड डिस्कच्या मशीनवर स्नॅपचं पहिलं उघडणं जाणवण्याइतकं संथ असतं. मिंट आणि डेबियन फायरफॉक्स साध्या पॅकेजमध्ये देतात.

रॅम २ जीबी असेल तर अँटीएक्सकडे वळावं. डेबियनच्या पायावर उभं, आइसडब्ल्यूएम हे हलकं विंडो मॅनेजर, आणि सुरू झाल्यावर स्वस्थ बसलेलं असताना दोन-तीनशे एमबीच्या घरात रॅम. दिसायला जुनाट, पण कामाला चोख. ज्यांना देखणेपण हवं त्यांनी बोधी पाहावं. आणि ज्यांना जुन्या केडीई डेस्कटॉपची सवय आहे त्यांना क्यूफोरओएसमधला ट्रिनिटी डेस्कटॉप ओळखीचा वाटेल. पपीबद्दल एक सावधगिरी. तिथे नेहमीचा वापरकर्ताच रूट असतो, म्हणजे सिस्टिमचे सर्वाधिकार त्याच्या हाती असतात. बिघडलेल्या मशीनमधून फाइल काढायला पपी फार चांगलं; बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

गूगलचं क्रोमओएस फ्लेक्सही या यादीत येतं. २०२२ साली ते सर्वांसाठी खुलं झालं. ६४-बिटी प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम लागते, बसवायला सोपं आहे, आणि फक्त ब्राउझर हवा असेल तर चांगलं चालतं. पण मशीन पूर्णपणे गूगल खात्याभोवती फिरतं आणि कुठल्या मॉडेलला किती वर्षं आधार द्यायचा हे गूगल ठरवतं. एका कंपनीने मुदत संपवली म्हणून आपण विंडोजवरून उठलो. पुन्हा तशाच दुसऱ्या मुदतीखाली जाऊन बसणं मला पटत नाही.

बत्तीस बिटांची दारं बंद होताना

गेल्या दहा वर्षांत खरी सीमारेषा रॅमने नव्हे, प्रोसेसरच्या बिटांनी आखली. गूगलने लिनक्सवरचं ३२-बिटी क्रोम २०१६ साली थांबवलं. फेडोराने २०१९मध्ये ३१व्या आवृत्तीपासून ३२-बिटी मशीनसाठी सिस्टिम देणं बंद केलं, आणि उबुंटूनेही त्याच वर्षीपर्यंत तेच केलं. शेवटपर्यंत टिकलेल्या डेबियननेही ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीत ३२-बिटी पीसीसाठीचा इन्स्टॉलर आणि गाभा काढून टाकला. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०२५च्या १४५व्या आवृत्तीपासून ३२-बिटी लिनक्सचा आधार सोडला. १४० क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती तेवढी थोडा काळ सोबत आहे.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. २००६नंतरचा कोअर टू ड्युओ आणि त्यापुढची जवळपास सगळी मशीन ६४-बिटी आहेत. त्यांना अजून दारं उघडी आहेत. २००८-०९च्या लाटेतली ॲटम एन-२७० प्रोसेसरची नेटबुक्स ३२-बिटी आहेत. डेबियन १२वर आधारलेलं अँटीएक्स त्यांच्यावर आजही चालतं, पण अद्ययावत ब्राउझरचे दिवस भरत आले आहेत. अशा नेटबुकला इंटरनेटवर पाठवू नये. लिहिण्यासाठी, गाणी वाजवण्यासाठी, मुलांना पायथनच्या पहिल्या ओळी शिकवण्यासाठी ते अजून चांगलं आहे. घरी पडलेलं मशीन कुठल्या जातकुळीचं आहे हे पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून, टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की पहिल्या दोन-तीन ओळींतच कळतं.

मधली एक अवघड जात आहे. २०१४-१६च्या दरम्यान दहा-पंधरा हजारांना मिळणारे, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी साठवण असलेले ॲटम प्रोसेसरचे लॅपटॉप. यांचा प्रोसेसर ६४-बिटी, पण अनेकांत सुरुवातीचं फर्मवेअर ३२-बिटी. त्यामुळे पुष्कळ डिस्ट्रोंचा पेन ड्राइव्ह त्यांना दिसतच नाही. ३२-बिटी यूईएफआय लोडर असलेली आयएसओ शोधावी लागते. रॅम बोर्डावरच डकवलेली, साठवण बदलता न येणारी. यांच्यावर फार वेळ घालवू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

एसएसडी आणि झेडरॅम

आता सगळ्यांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. हवी ती माहिती चकतीवर फिरून डोक्याखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात, डोकं योग्य जागी सरकायला आणखी बारा-तेरा. म्हणजे इकडची एक फाइल, तिकडची दुसरी अशी मागणी असेल तर डिस्क सेकंदाला पन्नास-साठ विनंत्याच पुऱ्या करू शकते. ब्राउझर उघडताना अशा हजारो बारीक विनंत्या होतात. स्वस्तातली साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो विनंत्या सहज उरकते. कपाटावरच्या त्या आय-थ्री लॅपटॉपचा प्रोसेसर संथ नाही. तो डिस्कची वाट पाहत बसलेला असतो. मशीन अडलेलं असताना ‘एचटॉप’ हा प्रोसेसर-रॅमचा वापर दाखवणारा प्रोग्रॅम उघडून पाहिला तर प्रोसेसरच्या पट्ट्या जवळजवळ रिकाम्या दिसतात आणि डिस्कचा दिवा अखंड पेटलेला असतो.

त्यामुळे खर्च एकदाच करायचा तर तो २५६ जीबीच्या अडीच इंची साटा एसएसडीवर करावा. लॅपटॉपच्या तळाचे काही स्क्रू, डिस्कची चौकट आणि एक कनेक्टर, एवढंच ते काम आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा तालुक्याच्या गावातला कुठलाही दुरुस्तीवाला ते चहा थंड होईपर्यंत करून देतो. जुन्या डिस्कला बाहेरचं आवरण लावलं की ती बॅकअपला उपयोगी पडते. रॅम वाढवता येत असेल तर दुसरा खर्च तिथे. फक्त आधी डीडीआर२, डीडीआर३ की कमी व्होल्टेजची डीडीआर३एल हे तपासावं, कारण तिसऱ्या पिढीच्या पुढच्या पुष्कळ लॅपटॉपना कमी व्होल्टेजचीच लागते.

रॅम वाढवता येत नसेल तर झेडरॅम. लिनक्सच्या गाभ्यात २०१४पासून ही सोय पक्की झाली आहे. रॅमचाच एक भाग बाजूला ठेवून त्यात सध्या न लागणारी माहिती दाबून, आक्रसून साठवली जाते. दोन जीबीचा मजकूर बऱ्याचदा एक जीबीहून कमी जागेत बसतो. रॅम कमी पडल्यावर डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या जागेपेक्षा, म्हणजे स्वॅपपेक्षा, हे कितीतरी वेगवान, आणि प्रोसेसरवर पडणारा भार कोअर टू ड्युओलाही पेलण्यासारखा. फेडोरा २०२०पासून हे आपसूक चालू ठेवते. डेबियन घराण्यात ‘झेडरॅम-टूल्स’ नावाचं पॅकेज टाकून रॅमच्या निम्म्याइतका आकार दिला की झालं. सोबत ‘अर्ली-ऊम’ टाकावं. रॅम संपत आली की सगळं मशीन हँग होण्याऐवजी सर्वांत खादाड प्रोग्रॅम, म्हणजे बहुतेक वेळा ब्राउझरचा एखादा टॅब, ते वेळीच बंद करतं. ४ जीबीच्या मशीनवर या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो डिस्ट्रो बदलून पडत नाही.

एक चुकीचा सल्ला मात्र इथेच खोडून काढतो. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या. त्यांवरच्या संरक्षणामुळे जुने इंटेल प्रोसेसर काहीसे मंदावले. ते संरक्षण बंद केलं की वेग परत मिळतो, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. ज्या मशीनवर नेट बँकिंग होणार आहे तिथे हे अजिबात करू नये. मिळणारा वेग थोडा, आणि उघडं पडणारं दार मोठं.

उघडून पाहण्यासारख्या गोष्टी

सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी तळाचं झाकण उघडावं. दहा वर्षांची धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट यांमुळे प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःहून वेग कमी करतो. बॅटरी फुगलेली असेल तर ती ताबडतोब काढावी; बहुतेक जुने लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर बिनतक्रार चालतात.

मदरबोर्डावर नाण्याच्या आकाराची एक बारकी बॅटरी असते, बहुधा सीआर२०३२. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग गंमत अशी होते की वाय-फाय जोडलेलं असतं, पण एकही सुरक्षित साइट उघडत नाही, कारण साइटची प्रमाणपत्रं त्या जुन्या तारखेला ‘अजून लागूच झालेली नाहीत’ असं ब्राउझरला वाटतं. माणूस समजतो, लिनक्सवर इंटरनेट चालत नाही. किरकोळ किमतीच्या बॅटरीचा हा दोष असतो, आणि अनेक मशीन याच कारणाने वापरातून गेलेली असतात.

वाय-फायची अडचणही येते. काही डेल आणि एचपी लॅपटॉपमधल्या जुन्या ब्रॉडकॉम चिपना वेगळं फर्मवेअर लागतं आणि ते उतरवायला इंटरनेट लागतं. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने जोडून टेदरिंग चालू करावं. लिनक्स ते लगेच ओळखतं. डेबियनने १२व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केल्यापासून हा त्रास खूप कमी झाला आहे.

ब्राउझरला आवर

यूट्यूबचा अनुभव जुन्या मशीनवर वाईट का असतो याचं कारण नेमकं आहे. यूट्यूब व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीने आवळून पाठवतं. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ उलगडण्याची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची चिप एच.२६४ मात्र सहज उलगडते. व्हीपी९ आला की सगळं काम प्रोसेसरवर पडतं, पंखा गरजतो, चित्र अडखळतं. ब्राउझरला एच.२६४च मागायला लावणारं ॲड-ऑन मिळतं. ते टाकून गुणवत्ता ७२०पीवर ठेवली की तोच लॅपटॉप शांतपणे व्याख्यान दाखवतो. फायरफॉक्सने २०२३पासून लिनक्सवर इंटेलच्या चिपसाठी ही हार्डवेअरची मदत आपसूक घ्यायला सुरुवात केली आहे.

दुसरा उपाय यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं ॲड-ऑन. मराठी बातम्यांच्या साइट जाहिरातींनी आणि आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंनी इतक्या भरलेल्या असतात की मजकूर वाचण्यापूर्वीच २ जीबीचं मशीन दमतं. ते रोखलं की पान निम्म्याहून कमी वेळात उघडतं. एका वेळी चार-पाच टॅब आणि न लागणारे लगेच बंद, ही सवय लावून घ्यावी लागते. जड व्हिडिओ बैठकांसाठी, विशेषतः त्यात स्वतःचा कॅमेराही चालू ठेवायचा असेल तर, फोनच बरा.

मराठीचं काय?

इथे लिनक्सची बाजू अनेकांना वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा निवडला की कुठलाही वेगळा प्रोग्रॅम न टाकता टायपिंग सुरू होतं, आणि रॅम जवळजवळ काहीच लागत नाही. ‘ळ’ शिफ्टसह एनवर, ‘ऱ’ शिफ्टसह जेवर. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांनी आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्यासोबतचं एम१७एन घ्यावं. नोटो, लोहित, एक टाइपचा मुक्त असे चांगले फाँट मोफत मिळतात. ‘दऱ्याखोऱ्या’ आणि ‘कोऱ्या’ हे शब्द नीट दिसतात ना एवढं पाहून घ्यावं.

खरा पेच जुन्या फाइलींचा. श्री-लिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये टाइप केलेली कागदपत्रं युनिकोडमध्ये नसतात. तो फाँट नसेल तर नुसती गिचमिड दिसते. फाँटची फाइल घरच्या फोल्डरमधल्या फाँटच्या जागी ठेवली की लिब्रेऑफिसमध्ये मजकूर वाचता येतो, पण कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. डीटीपीवाल्यांनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी लिनक्सकडे वळण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावं. विंडोजवरही ते कधी ना कधी करावंच लागणार आहे.

कोणी लिनक्सकडे वळू नये?

टॅलीवर ज्यांचा धंदा चालतो त्यांनी तो संगणक विंडोजवरच ठेवावा. डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून ज्यांना रोज सरकारी पोर्टलवर सह्या करायच्या आहेत त्यांनीही. प्रिंटरचं आधी पाहावं. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत सर्वत्र दिसणारा एचपी लेझरजेट १०२० लिनक्सवर चालतो, मात्र एचपीचं प्लगइन टाकावं लागतं. तितकाच लोकप्रिय कॅननचा एलबीपी २९०० फार त्रास देतो, कारण त्याची कॅप्ट ही पद्धत कॅननची स्वतःची आहे आणि नव्या डिस्ट्रोंवर ती बसवणं जाणकाराचं काम आहे. तिथे प्रिंटर विंडोजच्या मशीनला जोडलेला ठेवून पीडीएफ पाठवणं शहाणपणाचं.

शाळांचा अनुभव

जुन्या संगणकांचा सामूहिक उपयोग गोव्यात फार आधी करून पाहिलेला आहे. २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने ‘गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट’मधून परदेशात वापरलेले संगणक आणून गोव्यातल्या शाळांना दिले गेले आणि परवान्याचा खर्च टाळण्यासाठी त्यांवर लिनक्स घातलं गेलं. एका दमदार मशीनवर सगळं चालवायचं आणि जुनी मशीन नुसत्या पडदा-कीबोर्डासारखी वापरायची, ही एलटीएसपीची पद्धत अशा शाळांना सोयीची. ती आजही वापरता येते. केरळ त्याहून खूप पुढे गेलं. तिथल्या शाळांच्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवली आणि ती शाळांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवर पोचवली. केरळचं यश सॉफ्टवेअर फुकट मिळण्यात नाही. तिथे पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर लिहिली गेली, मल्याळममध्ये लिहिली गेली, आणि शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं. जिथे हे तीन आधार नव्हते तिथे संगणक कक्षाला कुलूपच लागलं.

आपल्याकडे शिकवण्याचं साहित्य नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे-छोटे पाठ मराठी निवेदनासह तयार करून मोफत ठेवले आहेत. एक व्हिडिओ साधारण दहा मिनिटांचा, ऐकत ऐकत शेजारी करून पाहायचा. ज्याने कधीच लिनक्स पाहिलं नाही अशा शिक्षकाला किंवा ग्रंथपालाला तेवढं पुरतं.

२०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्वापराची नोंद झाली. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच घडलेला असतो. म्हणून विनंती अशी: ६४-बिटी, ४ जीबीचा लॅपटॉप भंगारवाल्याला देण्याआधी आपल्या गावच्या वाचनालयाला किंवा अभ्यासिकेला विचारा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना जुन्या प्रश्नपत्रिका उघडायला, अर्ज भरायला, हॉल तिकीट काढायला असंच मशीन हवं असतं. देताना आपल्या फाइलींची प्रत घ्या, जुनी डिस्क पूर्ण पुसा किंवा स्वतःकडे ठेवा, एसएसडी आपल्या खर्चाने टाका, आणि पहिले दोन-तीन महिने काही अडलं तर फोन उचलायची तयारी ठेवा.